कॉलेजात इंग्रजी बोलताना दातखीळ बसलेले सोलापूरकर, या इकडे

चिंचगोळी: भाची काल केगावहून विद्यापीठातून आली ती रडवेली. सेमिनार होता. स्लाइड झकास, लेखी मार्कही चांगले, पण सरांनी "न बघता सांग" म्हटलं आणि तोंडच उघडेना. मला माझी बीएस्सीची तोंडी आठवली. तेव्हा आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होतो, सोलापूरचं वेगळं झालं २००४ ला. बाहेरच्या परीक्षकांनी टायट्रेशनमधला रंग कधी बदलतो विचारलं. येत होतं हो! पण वाक्य आधी मराठीत जुळवा, शेवटचं क्रियापद उचलून मधे आणा, तोवर ते पुढच्या मुलाकडे वळलेले. तुमचंही लिहा.

पूर्वभाग: घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी. चारही बिनधास्त. पाचवी भाषा, इंग्रजी, आली की घाम. कारण त्या चार बोलताना कुणी मार्क देत नव्हतं.

निवांत_काकू: +१. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

बेकायबे: सर नाही हसत बे, मागच्या बाकावरचे हसतात. एकदा 'ही'च्या जागी 'शी' गेलं तर पदवी मिळेपर्यंत तेच नाव. अजून लग्नाच्या पंगतीत हाक मारतात 😂

चिंचगोळी: 😂 कुठलं कॉलेज? नको, सांगू नका.

सकाळची_हुतात्मा: आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. २००० पासून पहिलीपासून झालं, तरी भाच्यांचं तेच. धडा वाचायचा, अर्थ मराठीत, उत्तरं गाइडमधली. बोलणार कधी? पुण्यात मुलाखतीला "टेल मी अबाउट युवरसेल्फ" पाठ करून गेलो. त्यांनी आधी विचारलं, प्रवास कसा झाला. पाठांतरात ते नव्हतं.

निवांत_काकू: आले. क्लास लावला होता मी, स्पोकनचा. बाराही काळ पाठ झाले, बोलले काहीच नाही. होस्टेलच्या मैत्रिणीने ठरवलं, संध्याकाळी कंबर तलावावर फिरताना मराठी बंद. चुकलं तरी थांबायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. पहिले काही दिवस नुसत्याच चाललो, वजन कमी झालं. मग सासू, नवरा, मेसची भाजी यांवर बोलू लागलो तेव्हा सुटली जीभ. भाचीला तिथे पाठव, पण सोबत चेष्टेखोर नको.

पूर्वभाग: काकू, तेव्हा नवरा कुठून आला?

निवांत_काकू: मैत्रिणीचा! तिचं लग्न एसवायलाच झालेलं.

बेकायबे: तलावावर येतो बे मी पण. भेळ कोण देतंय?