तालमीच्या भिंतीवर परदेशी खेळाडूचा फोटो लावावा का?

मंगळवारपेठकर:
कोल्हापुरात आमच्या तालमीचा फुटबॉल संघ आहे. त्याच्याकडून तीन हंगाम खेळून गेलेल्या नायजेरियन स्ट्रायकरचा फोटो जुन्या खेळाडूंच्या ओळीत लावायचा की नाही, यावर रविवारी आमच्या तालमीत बैठक आहे. मी पुण्यात असतो, येणं अवघड आहे, म्हणून इथंच सांगतो. लावा.

त्या ओळीतला पहिला फोटो आमच्या डाव्या विंगरचा. शिरोलीच्या फौंड्रीत पहिली पाळी करून सायकलवरनं थेट शाहू स्टेडियम गाठायचा. पोटरीला काळी वाळू चिकटलेली असायची, तिच्यावरच स्टॉकिंग ओढायचा. तो लाईनीवरनं सुटला की गॅलरी उभी राहायची. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून बघायचो.

हा स्ट्रायकर आला तेव्हा त्याला मराठीचा गंध नव्हता. तिसऱ्या हंगामात कॉर्नर अडवायला मागं यायचा आणि आपल्याच पोरांना ओरडायचा, "मागं मानूस हाय, मानूस!" माझ्या मुलीला फुटबॉलची गोडी लागली ती त्याच्यामुळं. तिच्या आठवणींना त्या भिंतीवर जागा नको का?

जुना_गोली:
माझा विरोध आहे, आणि तो माणूस परका म्हणून नाही. पोरगं गुणी होतं, मैदानात कधी कुणाला उलट बोललं नाही.

पण ती भिंत कुणाची? आमच्या वेळी किट वर्गणीतनं यायचं. माझे हातमोजे आईनं दोनदा शिवून दिले होते. गुडघा गेला त्या सामन्यात मला 'लढवय्या खेळाडू' म्हणून गौरवलं, सत्काराचा तो नारळ घेऊन मी दवाखान्यात गेलो. पुढचा खर्च घरच्यांनी केला. मानधन घेऊन खेळणं गैर नाही, पण ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांच्यासाठी एवढी एक भिंत तरी राहू द्या. आणि चौथ्या वर्षी खेळाडूंची संघनोंदणी सुरू झाल्यावर तो शेजारच्या पेठेकडं गेलाच की. आमच्यावरच गोल केला.

शिवाजीपेठ_कट्टर:
मी समोरच्या पेठेतला, तरी बोलतो. संघ बदलला म्हणून नाव कापायचं असेल तर पेठेत जन्मलेल्या किती खेळाडूंचे फोटो उतरवणार? नोंदणीच्या दिवसांत इकडची पोरं तिकडं जातातच. त्यांना माफ करता, मग ह्यालाच का नाही?

आणि अनिकेत जाधवचं काय? कोल्हापूरचा पोरगा, लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात दिल्लीत भारताकडून उतरला. कुठल्या तालमीकडून किती सामने खेळला, हे कुणी मोजलं नाही. सगळ्या पेठांनी त्याला आपला म्हटलं. जीव लागायला हिशोब लागत नाही, काका.

जुना_गोली:
अनिकेत ह्याच मातीतला आहे, ती तुलना मला पटत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. वरिष्ठ गटात १६ संघ. प्रत्येकानं नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकर म्हणून, बाहेरचा खेळाडू घेतला, तर गल्लीतल्या पोरानं गोल मारायला शिकायचं कुठं? त्याचा फोटो लावला की पुढच्या वर्षी वर्गणी देणारे आणखी दोन मागतील.

मंगळवारपेठकर:
ही भीती खरी आहे, काका. त्यावर तुम्ही केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नियम मागा, पहिली सही माझी. पण त्यासाठी त्या खेळाडूचं नाव पुसणं मला मान्य नाही. त्यानं आपल्या बचावफळीला अंग कसं लावायचं ते शिकवलं, आपली पोरं धक्का खाऊन उभी राहायला लागली. सराव संपल्यावर पंधरा वर्षांखालच्या पोरांना थांबवून तो हेडर मारायला शिकवायचा, त्याचे पैसे कुणी दिले नव्हते.

जुना_गोली:
ते मी बघितलंय. माझा नातू होता त्यात.

माझं मत बदललेलं नाही, बैठकीत हात विरोधातच वर जाईल. पण कुणी फ्रेम आणणारच असेल तर एक काम आधी करा. विंगरच्या फोटोची काच तडकलीय, आत ओल गेलीय, डावा पाय दिसेनासा झालाय. त्याची बायको दसऱ्याला येऊन हार घालते. आधी ती काच बदला.

मंगळवारपेठकर:
मूळ निगेटिव्ह कुणाकडं आहे का बघा, पुण्यात नवी प्रिंट काढून घेतो. शनिवारी रात्री येतोय, रविवारी बैठकीला असेन.