1964च्या इम्पालाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा बँड जुळवण्याचे खास अवजार कोठे मिळेल?

देवगडची_इम्पाला

नमस्कार. माझ्या थोरल्या काकांनी मुंबईत वापरलेली 1964 सालची शेवरोले इम्पाला गेल्या वर्षी देवगडला आमच्या घरी आली. तिला दोन गतींचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. ड्राइव्हमध्ये टाकून निघताना इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. वरचा गिअर पडला की ती पूर्वीसारखी धावते आणि रिव्हर्सचीही काही तक्रार नाही. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत खडी चढण असल्यामुळे हा दोष रोजच अनुभवाला येतो.

एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सच्या बाहेरचा, आतला बँड म्हणजे पट्टा आवळणारा स्क्रू अंदाजाने आवळून दिला होता. त्यानंतर गाडी नीट निघू लागली खरी, पण वरच्या गिअरमध्ये ती जड चालते असे वाटल्याने मी तो पुन्हा सैल करून घेतला, आणि आता तो नेमका किती आवळलेला आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मॅन्युअलमध्ये या कामासाठी ‘जे’ अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे खास अवजार सांगितले आहे. परदेशातून मागवायचे तर अवजाराच्या किमतीपेक्षा टपाल आणि जकात जास्त होते. रत्नागिरी, कोल्हापूर किंवा मुंबईत ते कोठे मिळेल, किंवा त्याला पर्याय आहे का, हे कृपया सांगावे.

चिपळूण_कार्यशाळा

अवजाराकडे वळण्यापूर्वी दोष बँडचाच आहे ना, हे पाहू. आपल्या गाडीत ऍल्युमिनियमच्या कवचाचा पॉवरग्लाइड असणार. त्यात खालचा गिअर एक बँड ड्रमला (फिरणाऱ्या नळकांड्याला) आवळून धरतो म्हणून मिळतो, वरचा गिअर आणि रिव्हर्स मात्र वेगवेगळ्या क्लच-प्लेट्सवर चालतात. त्यामुळे फक्त निघताना घसरण होत असेल आणि बाकी दोन्ही ठिकाणी गाडी ठीक असेल, तर संशय बँडवरच जातो. तिन्हीकडे घसरण असती, तर मी आधी तेलाची पातळी आणि दाब पाहायला सांगितले असते. तरीही इंजिन गरम करून, चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये डिपस्टिक एकदा पाहावी आणि तेलाचा वासही घ्यावा. तेल काळपट असून जळका वास येत असेल तर बँडचे अस्तर जळले आहे असे समजावे, कारण अशा वेळी कितीही काटेकोर जुळवणी केली तरी उपयोग होत नाही.

तेल स्वच्छ असेल तर काम असे आहे. गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी, सिलेक्टर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या जुळवणीच्या स्क्रूवरचे टोपण काढावे. लॉकनट (स्क्रू जागेवर पक्का धरणारे नट) फक्त पाव फेरा सैल करून पान्याने तिथेच धरून ठेवावे आणि स्क्रू 70 इंच-पाउंड टॉर्कपर्यंत (पिळाच्या जोरापर्यंत) आवळावा. मग तो मागे फिरवावा. बँड 6,000 मैलांपेक्षा जास्त चालला असेल तर 4 पूर्ण फेरे आणि त्याहून कमी चालला असेल तर 3 फेरे, हा आकडा अदमासाचा नसून अगदी नेमका पाळायचा आहे. शेवटी स्क्रू हलू न देता लॉकनट 15 फूट-पाउंडने आवळावे.

दोन चुका मी स्वतः पाहिल्या आहेत. पहिली म्हणजे इंच-पाउंडऐवजी फूट-पाउंड वाचणे. 70 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 95 न्यूटन-मीटर, म्हणजे चाकाचे नट आवळण्याइतका जोर. त्याने आतले भाग मोडतील. दुसरी म्हणजे स्क्रू आधी भरपूर सैल करून मग आवळायला घेणे. तसे केल्यास बँडला आधार देणारी आतली पट्टी जागेवरून सुटून खाली पडते आणि ती बसवण्यासाठी तेलाचा पॅन उतरवावा लागतो. आपला स्क्रू आधीच दोनदा फिरवला गेला असल्याने तो आवळताना घट्ट होतच नाही असे दिसले, तर तिथेच थांबून पॅन उघडावा.

उद्यमनगर_कोल्हापूर

वरील आकडे आपल्याकडच्या मापात सांगतो. 70 इंच-पाउंड म्हणजे 7.9 न्यूटन-मीटर, आणि 15 फूट-पाउंड म्हणजे साधारण 20 न्यूटन-मीटर. सायकलींच्या मोठ्या दुकानांत पाव इंची चौकोनाचा, 2 ते 24 न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच मिळतो. तो या दोन्ही कामांना पुरतो. गॅरेजमधला चाकांचा मोठा रेंच या मापाला खाली येत नाही, आणि आला तरी त्याच्या मोजपट्टीच्या अगदी तळाशी भरवसा ठेवता येत नाही.

खरी अडचण ऍलन कीची, म्हणजे स्क्रूच्या षटकोनी भोकात घालायच्या किल्लीची, असते. स्क्रूचे षटकोनी भोक इंची मापाचे, 7/32 इंच म्हणजे 5.56 मिलिमीटर असते. 6 मिलिमीटरची की त्यात जात नाही, आणि 5.5 ची की बसल्यासारखी वाटली तरी तिच्यामुळे कोपरे गोल होण्याची भीती राहते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर इंची ऍलन कीचे संच मिळतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमध्ये कोणताही चांगला लेथवाला लॉकनटच्या मापाचा आरपार पोकळ सॉकेट करून देईल, म्हणजे त्याच्या मधून की घालून नट धरून ठेवता येईल. मूळ खास अवजाराचे काम एवढेच आहे, म्हणून त्यासाठी परदेशी पैसे पाठवण्याची मुळीच गरज नाही.

मालवण_बंदर

टॉर्क रेंच मिळेपर्यंत थांबायचे नसेल तर मासळी तोलण्याचा स्प्रिंगचा काटा वापरता येतो. 70 इंच-पाउंड म्हणजे सुमारे 81 किलो-सेंटिमीटर. कीला सरळ दांडा जोडून स्क्रूच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर काटा अडकवावा आणि दांड्याशी काटकोनात ओढत 4 किलोपर्यंत न्यावा. काटा आधी माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्यावा.

खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचे लॉकनट गंजलेले असते आणि त्याच्याखाली ऍल्युमिनियम असते, म्हणून जोर लावण्यापूर्वी गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे.

देवगडची_इम्पाला

सर्वांचे मनापासून आभार. तेल लालच आहे आणि जळका वास नाही. एक शंका आहे. गिअरबॉक्समधला दाबही मोजून पाहावा असे वाटते. ट्रॉलरच्या इंजिनांचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे तेलदाबाचा गेज आहे. तो चालेल का?

चिपळूण_कार्यशाळा

गेज चालेल, पण जोडणी तपासून घ्यावी. दाब मोजण्याच्या छिद्राचे आटे अमेरिकी धाटणीचे, 1/8 एनपीटी आहेत, म्हणजे इंचाला 27. आपल्याकडच्या गेजला बहुधा बीएसपी आटे असतात, ते त्याच मापात इंचाला 28. पहिले दोन-तीन फेरे सहज जातात आणि पुढे जोर लावला की ऍल्युमिनियमचे आटे कापले जातात, म्हणून मधला ऍडॅप्टर लेथवर करून घ्यावा. याच वेळी व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या निर्वातानुसार गिअरबॉक्सचा तेलदाब बदलणाऱ्या भागाची) रबरी नळी काढून पाहावी. तिच्यात गिअरबॉक्सचे तेल आढळले तर आतला पडदा फाटला आहे.

देवगडची_इम्पाला

काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो. सॉकेट कोल्हापुरात करून घेतला, कीचा संच नागदेवीहून भाच्याने आणला आणि रेंच एका सायकलवाल्या मित्राचा वापरला. आमच्या अंगणाच्या कडेला जांभ्यात खोदलेला जुना खड्डा आहे, त्यावर गाडी घेतली. नट रात्रभर तेलात ठेवूनही पहिल्या दिवशी सुटले नाही, दुसऱ्या दिवशी सुटले. स्क्रू 7.9 न्यूटन-मीटरला येईपर्यंत थोडाच फिरला. मग त्याच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण करून एकेक फेरा मोठ्याने मोजत चार फेरे मागे घेतला, कारण एकट्याने मोजताना तिसरा की चौथा असा घोळ होण्याची मला भीती होती.

मॉड्युलेटरच्या नळीत तेल सापडले नाही. ऍडॅप्टर अजून व्हायचा असल्याने दाब मोजलेला नाही. गाडी आता चढणीवर इंजिन न ओरडता निघते आणि वरच्या गिअरमध्ये जडपणाही जाणवत नाही. सॉकेट आणि 7/32 ची की मी तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवली आहे. कोकणात कोणाकडे पॉवरग्लाइडची गाडी असेल तर त्यांनी देवगडहून घेऊन जावे आणि काम झाल्यावर परत पाठवावे.