दडपणे, खचणे की चकवणे?

अनुवादिका: पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी एक लेख मराठीत करते आहे. उंदरांना रेबीजची लागण केली की अॅड्रिनल ग्रंथींतून स्टेरॉइड जास्त पाझरतात, थायमस (छातीतली, प्रतिकाराच्या पेशी घडवणारी ग्रंथी) आकसते, पाणथरीतल्या (प्लीहेतल्या) पेशी घटतात. मी लिहिलं, 'प्रतिकारशक्ती दडपली जाते'. तपासणाऱ्यांनी त्याचं 'प्रतिरक्षादमन' केलं. तुम्ही काय लिहाल?

माणगांवकर: प्रतिरक्षा हिंदीवाल्यांना लखलाभ. प्रतिकारशक्ती शाळकरी पोरालाही कळते. थायमस मात्र का ठेवलंत? 'यौवनलोपी ग्रंथी' असा नेमका शब्द आहे की आपल्याकडे.

निशिगंध: शब्द सुरेख, पण या वाक्यात घात करेल. ती ग्रंथी इथे वयामुळे लोपत नाहीये, आजाराने आकसतेय. वाचणाऱ्याला वाटेल उंदीर वयात आला. थायमसच राहू दे.

माणगांवकर: अशानेच एकेक शब्द मरतो. रेबीजलाही सुश्रुताचा 'अलर्क' आहे.

बार्शीची: आमच्याकडे कुत्रं 'पिसाळतं', बस्स. चुलत्यांना ७८ साली चावलं, पोटात चौदा सुया घेतल्या. अलर्क काय नि जलसंत्रास काय, त्यांच्या कानावरही नव्हतं. पिसाळणं म्हणजे पिसं लागणं, सरळ आहे.

माणगांवकर: नाही हो, ते पिशाचावरून आलंय.

प्रयोगशाळेतला: जलसंत्रास उंदराच्या लेखात नकोच. पाण्याची धास्ती माणसाला बसते. उंदराचे मागचे पाय लुळे पडतात. लशीची ताकद तपासताना दोन आठवडे आधी लस टोचलेल्या उंदरांच्या थेट मेंदूत विषाणू सोडतात, तेव्हा हे रोज दिसायचं.

आता मूळ प्रश्न. 'दडपणे' अर्धंच खरं आहे. विषाणूचं पी प्रथिन इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू आल्याची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा, निरोप पेशीच्या केंद्रकात पोचू देत नाही, हे दडपणं झालं. पण रक्तात प्रतिपिंडं तयार होऊनही उंदीर मरतो, कारण जहाल वाणांच्या लागणीत रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर बंदच राहतो. प्रतिकार करणाऱ्या ज्या टी-पेशी मेंदूत शिरतात त्यांतल्या पुष्कळ तिथेच मरतात. सौम्य केलेल्या वाणाने तोच अडसर उघडतो आणि उंदीर वाचतो. म्हणून मी 'चकवणे' म्हणेन. रानात चकवा लागतो ना, वाट समोर असून सापडत नाही, तसं.

अनुवादिका: चकवा मनापासून आवडला. पण माझ्या वाक्यात थायमस आणि पाणथरी आहेत, मेंदू नाही. ग्रंथीच आकसल्या तर तिथे चकवणं कसं म्हणू?

निशिगंध: मग 'खचते'. आतून ढासळल्याचा अर्थ येतो.

माणगांवकर: खचतो तो धीर. किंवा विहिरीचा काठ.

बार्शीची: आणि पिशाचावरून म्हणता, तर मग 'पिसाट वारा' कुठून आला? वाऱ्याला का भूत लागतं?

माणगांवकर: लागतं. कोकणात या वैशाखात, दाखवतो.