मदत हवी आहे: पिंच मयूरासनात कोपरं सरकतात, शिवाय डोळ्यांची काळजी

नमस्कार मंडळी. वय ४४, चार वर्षं शीर्षासन नियमित करतेय. सहा महिन्यांपासून भिंतीच्या आधाराने पिंच मयूरासन, म्हणजे कोपरं आणि तळवे जमिनीवर टेकवून उलटं उभं राहणं, सुरू केलंय. अय्यंगार पद्धतीप्रमाणे कोपरांच्या वर पट्टा बांधते, तळहातांमध्ये लाकडी वीट ठेवते. तरी पाचव्या-सहाव्या श्वासाला कोपरं बाहेर सरकतात, पट्टा दंडात रुततो आणि खांदे कोसळतात.

फायदा मात्र नक्की जाणवतोय. शीर्षासनात मानेवर भार यायचा. इथे डोकं अधांतरी, सगळं वजन कोपरापासून तळव्यापर्यंतच्या हातावर. संगणकापुढे बसून पुढे आलेले खांदे मागे गेलेत. पूर्वी माळ्यावरचा डबा काढताना उजव्या खांद्यातून कळ यायची, ती थांबलीय.

कोपरं जागेवर राहायला तुम्ही आधी कोणती तयारी केलीत? मी पाय जमिनीवर ठेवून, कमर उचलून मिनिटभर थांबते, तेवढं पुरेल का?

आणि खरी काळजी ही, की आईला काचबिंदू आहे. उलट्या आसनांत डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून पुढच्या आठवड्यात डोळे तपासून घेतेय. तोवर उलटं होणं बंद. घरात काचबिंदू असलेल्या कुणी डॉक्टरांना विचारून हे आसन चालू ठेवलंय का? त्यांनी काय सांगितलं, कृपया कळवा.