मदत हवी आहे : संत्र्याची साल आणि हेस्परिडिन

मंडळी, आईच्या पायांच्या व्हेरिकोज व्हेन्ससाठी (फुगलेल्या रक्तवाहिन्यांसाठी) डॉक्टरांनी डायोस्मिन ४५० मिग्रॅ आणि हेस्परिडिन ५० मिग्रॅ अशी गोळी दिली आहे. यातला हेस्परिडिन हा घटक संत्र्याच्या सालीत आणि आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये भरपूर असतं, हे कळल्यापासून बाबांनी गोळी बंद करून सालीचं चूर्ण द्यायचं मनावर घेतलंय. कळमन्याच्या बाजारातून पेटीभर संत्री आली, गच्चीवर साली वाळताहेत! नागपूरकर माणूस, संत्र्यापुढे कोणाचं ऐकणार?

पण घरच्या चूर्णात हेस्परिडिन किती, हे कसं कळणार? सालीवरच्या फवारणीचं काय? त्यात आई रक्त पातळ करणारी गोळीही घेते. फार्मसी किंवा आहारशास्त्रातलं कोणी असेल तर सांगा ना, फळ शिरांसकट खाऊ द्यावं आणि चूर्ण डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवावं, हे बरोबर ना?