बायॉप्सीत एमएलएच-१ नाही, पुढच्या आठवड्यात कॅपेसिटाबिन: आधी कोणती जनुक चाचणी?

निळीशाई
रुग्ण स्त्री, वय ४६. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, टप्पा तिसरा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत दिसत नाहीत असं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात केमोथेरपी, म्हणजे ऑक्झालिप्लाटिनचं सलाईन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू होणार. हे लिंच सिंड्रोमच (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) धरायचं का? आनुवंशिक कॅन्सरची पॅनेल चाचणी (एकदम अनेक जनुकं तपासणारी) पाठवणार आहोत, गोळ्या सोसतील की नाही हे त्यातच कळेल ना? आणि घरी काय सांभाळायचं? शरीराचं क्षेत्रफळ १.६५ चौरस मीटर, मूत्रपिंड ठीक, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू आहे.

गुणसूत्र
लिंच आहे असं एवढ्यावरून धरू नका. ही दोन प्रथिनं जोडीनं राहतात. एमएलएच-१ गेलं की पीएमएस-२ टिकत नाही, म्हणून दोन्ही गेलेली दिसली तरी मूळ संशय एमएलएच-१ वरच. पण ते दोन कारणांनी जातं: जन्मजात बिघाडामुळे, किंवा फक्त गाठीतल्या पेशींमध्ये त्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट बसून ते बंद पडल्यामुळे. दुसरा प्रकार जास्त आढळतो, विशेषतः उतारवयात, आणि तो सहसा मुलाबाळांकडे जात नाही.

म्हणून गाठीच्या त्याच नमुन्यावर आधी बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल बघतात. तो बदल सापडला तर लिंचची शक्यता फारच कमी. नाही सापडला तर मिथाइलेशन, म्हणजे ते मिथाइलचे गट बसलेत का ते. तेही नसेल तर रक्तावर जन्मजात बदलाची चाचणी. मात्र वय ४६ आहे. या वयात मिथाइलेशन निघालं तरी रक्ताची चाचणी करून घ्यावी असं माझं मत, कारण क्वचित मिथाइलेशनच जन्मजात असतं.

रक्तात रोगकारक बदल निघाला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता ५० टक्के. त्यांना अख्खं पॅनेल लागत नाही, तेवढाच एक बदल तपासायचा. रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला तर त्यावरून नातेवाइकांची तपासणी करू नये. ही चूक फार होते: अनिश्चित बदल भावात नाही म्हणून त्याला निर्धास्त करून सोडतात. एमएलएच-१ चा खरा बदल असलेल्यांना साधारण २५व्या वर्षापासून दर १ ते २ वर्षांनी कोलोनोस्कोपी. स्त्रियांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो, तेव्हा अंगावरून अवेळी रक्त गेलं तर थांबू नये.

औषधपेटी
दुसऱ्या शंकेचं उत्तर: नाही, त्यात कळणार नाही. आनुवंशिक पॅनेल सांगतं कॅन्सर का झाला. कॅपेसिटाबिन शरीरात ५-एफयू (पेशी मारणारं मूळ औषध) होतं आणि त्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून काढतं. ते डीपीवायडी या वेगळ्याच जनुकावर अवलंबून, आणि ते जनुक कॅन्सरच्या पॅनेलमध्ये बहुधा नसतं. वेगळं लिहून मागा, आणि पहिली गोळी पोटात जायच्या आधी रिपोर्ट हातात पाहिजे. युरोपच्या औषध नियामकानं २०२० मध्ये हे औषध देण्याआधी डीपीडी तपासण्याची शिफारस केली आहे.

डीपीवायडीची एक प्रत निकामी असेल तर सहसा निम्म्या डोसवर सुरुवात करतात आणि सोसलं तर वाढवतात. दोन्ही पूर्ण निकामी असतील तर हे औषधच नको.

आता एक गोम. डीपीवायडीच्या नेहमीच्या चाचणीत चारच बदल पाहतात आणि ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून निवडलेले आहेत. इतरांमध्ये 'चारही नाहीत' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. शक्य असेल तर रक्तातलं युरॅसिलही (हा पदार्थही डीपीडीच मोडतं) मोजावं: १६ नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा जास्त म्हणजे एन्झाइम कमी असल्याची शंका, १५० च्या पुढे जवळपास नाहीच. नमुना तासनतास टेबलावर राहिला तर युरॅसिल उगाच वाढलेलं दिसतं.

वॉरफरिनचं मात्र आजच डॉक्टरांना सांगा. कॅपेसिटाबिनमुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) चढतो, कधी काही दिवसांत तर कधी काही महिन्यांनी. वारंवार आयएनआर तपासायचा किंवा दुसरं औषध निवडायचं, ते त्यांनी ठरवावं. फॉलिक ॲसिड असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका, त्रास वाढतो. नागीण झाली तर त्यावरचं ब्रिव्हुडिन हे विषाणूविरोधी औषध अजिबात नाही, ही जोडी जीवघेणी आहे.

निळीशाई
डीपीवायडी आजच लिहून घेते. डोस लिहिलाय १६५० मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. बरोबर आहे का?

वॉर्डनंबर४
ऑक्झालिप्लाटिनबरोबर एका वेळी १००० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, म्हणजे १६५०. हिशेब जुळतो. गोळ्या ५०० आणि १५० च्या मिळतात: ५०० च्या तीन आणि १५० ची एक. घोळ इथेच होतो. उलट झालं, ५०० ची एक आणि १५० च्या तीन, तर ९५० च जातात. दोन्ही पाकिटांवर मार्करनं ठळक आकडा लिहा.

जेवण झाल्यावर ३० मिनिटांच्या आत, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. कुटायची नाही. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट नाही. गोळी उलटून पडली तरी पुन्हा नाही. चुकलेल्या गोळ्या उरल्या म्हणून १५व्या दिवशी देऊ नका.

गोळ्या थांबवून त्याच दिवशी फोन करायचा तो यासाठी: नेहमीपेक्षा ४ किंवा जास्त वेळा जुलाब, किंवा रात्री उठून जावं लागणं, दिवसात दोन किंवा जास्त उलट्या, जेवता येणार नाही इतकं तोंड येणं, तळहात-तळपाय सुजून दुखणं. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा छातीत दुखणं असेल तर फोनवर थांबायचं नाही, थेट इमर्जन्सी. लोपेरामाइडनं जुलाब दाबून गोळ्या चालू ठेवणं ही सगळ्यात वाईट युक्ती. पहिल्याच फेरीत लवकर आणि जोरात त्रास झाला तर डीपीडीची शंका घ्या, चाचणी नॉर्मल असली तरी.

गोळ्यांना हात लावताना हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हात लावू नये. या १४ दिवसांत आणि नंतरचे ४८ तास टॉयलेटचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात न टाकता हॉस्पिटलच्या फार्मसीत परत द्या.

औषधपेटी
वरच्यात एक भर. जास्त डोस गेला किंवा शेवटच्या गोळीपासून ४ दिवसांच्या आत गंभीर त्रास दिसला तर युरिडिन ट्रायअॅसिटेट हा उतारा आहे: प्रौढांना १० ग्रॅम दर ६ तासांनी, एकूण २० वेळा. शेवटच्या गोळीपासून ९६ तासांच्या आत सुरू करायचा असतो. तो मागवून कुठून आणि किती वेळात मिळेल, हे गोळ्या सुरू होण्याआधी विचारून ठेवा.

गुणसूत्र
गाठीची ही एमएमआरची स्थिती (डीएनए दुरुस्त करणारी ती प्रथिनं आहेत की नाहीत) नुसती आनुवंशिकतेपुरती नाही. दुसऱ्या टप्प्यात अशा गाठींना एकट्या ५-एफयूचा फायदा होत नाही. तुमचा तिसरा टप्पा, सोबत ऑक्झालिप्लाटिन आहे, म्हणून योजना योग्य दिसते. तरी इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा) विचार झाला का, हे याच भेटीत विचारा, आणि त्यासाठी एमएमआरचा रिपोर्ट फाइलच्या तळाशी न ठेवता वर ठेवा.