आधीपासून आजारी असलेल्यांचं काय?
युद्धानंतर गावोगाव समुपदेशक पाठवावेत, हे या चर्चेत कुणीतरी म्हटलंय ते मान्यच. पण सगळी चर्चा युद्धानं मनावर झालेल्या नव्या जखमांभोवती फिरतेय. ज्यांना आधीपासूनच स्किझोफ्रेनिया (भास, खोटे संशय येणारा आजार), बायपोलर (मन कधी फार चढणारा, कधी फार खचणारा आजार) असे मनोविकार आहेत त्यांचं काय? २००३च्या एप्रिलमध्ये बगदाद पडलं तेव्हा तिथलं अल-रशाद मनोरुग्णालय लुटलं गेलं आणि शेकडो रुग्ण बाहेर भटकायला लागले.

अशा रुग्णांची रोजची औषधं मधेच बंद पडली की काय होतं, ते आमच्या परभणीकडं लढाईबिढाई नसताना बघितलंय. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, चुलतभावाची ओलॅन्झापिन ही मनोविकारावरची गोळी संपली, तालुक्याच्या एकाही मेडिकलवर मिळेना. आधी त्याची झोप गेली. मग जेवणात विष कालवलंय म्हणून काकूनं वाढलेलं ताट लोटून द्यायला लागला. आशाताईंनी जिल्ह्याहून पाकीट आणून दिलं, तरी माणूस ताळ्यावर यायला कितीतरी महिने गेले. जिथं दवाखान्यावरच बॉम्ब पडतात तिथल्या घरांची कल्पनाच करवत नाही. मदतीच्या पहिल्याच ट्रकमध्ये मलमपट्टीबरोबर हॅलोपेरिडॉल (भास-संशय आवरणारं औषध) आणि फिटच्या गोळ्या असायलाच पाहिजेत. त्या द्यायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असंही नाही. साध्या डॉक्टरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये खास युद्ध-आपत्तीसारख्या परिस्थितीतल्या मानसिक उपचारांची मार्गदर्शिका काढलेली आहे.